हवा ओढणारा भाता

चामड्याला एरंडेल चोळताना जो वास सुटतो, त्याने मला पिंपळगाव राजा या गावातली आमची बैठकीची खोली आठवते. साहेबलोकांच्या बंगल्यांवरच्या लिलावातून धूळ ओढायची जुनी, हाताने चालवायची यंत्रं आणून दुरुस्त करण्याचा वडिलांना नाद होता. तीन बिघडलेली घरात पडून होती, त्यात त्यांनी चौथं आणलं आणि आईने बजावलं, की हेही चाललं नाही तर चारही भंगारात जातील. वडिलांनी त्याचा फाटका भाता गावातल्या भाते शिवणाऱ्या चाचांकडून नव्या चामड्याने मढवून घेतला. चाचांनी आमच्या बैठकीत येऊन नळी सतरंजीवर टेकवून दांडा ओढला, तर धुळीचा लोट थेट तिथेच बसलेल्या आईच्या तोंडावर आला. "हे झाडायले आणलं का उधळायले?" आई म्हणाली. चाचा खाली बसले. "चुकलंच बाई. जलमभर लोहाराचे भाते शिवले, हात तसाच चालला. याले वारा आत पाह्यजे." त्यांनी आतली झडप काढून उलटी बसवली, पुन्हा दांडा ओढला आणि मला म्हणाले, "नळीले हात लाव, बेटी." नळीने माझा तळहात धरून ठेवला. मग चाचा नळी सतरंजीवरून फिरवू लागले, आणि तिच्यामागे धुळीखालचा, मी कधीच न पाहिलेला लालभडक पट्टा उमटत गेला. थोड्या वेळाने आई सतरंजीवरून उठली आणि बसल्या जागेकडे बोट करून म्हणाली, "इकडलंही घ्या." नातवंडांनो, ते यंत्र आता माझ्या खोलीत आहे. आज त्याच्या चामड्याला तेल लावलं, दांडा ओढला आणि नळीवर तळहात ठेवला. नळी अजून धरते.