सुनेची नोकरी पाहायला गेलो

२०१८ साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. होळी झाली होती, पाडवा यायचा होता. कापूस विकलेला, तूर घरात आलेली. नेरकडच्या शेतकऱ्यानं पारावर बसून दुसऱ्यांच्या घरातलं उकरायचे हे दिवस. त्या वर्षी पाराला आमचं घर मिळालं.

सुनेला नोकरी लागली. कायमची. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. लोकांच्या सुना पुण्याला जातात, नागपूरला जातात. आमची झरी जामणीकडे, जिल्ह्याच्या पार टोकाला. आमच्या गावात तलाठ्याला दम द्यायचा तर लोक म्हणतात, थांब, तुले झरीले पाठवतो. आणि ही आपल्या पायानं चालली होती.

अर्ज कधी केला, मला पत्ता नाही. माहेरी जाते म्हणून गेली आणि मुलाखत देऊन आली.

"मामाजी, पंधरा दिवसांत रुजू व्हा म्हंतात," ती म्हणाली. "राहायले क्वार्टर आहे. सगळ्यायले जाता येते."

"सगळे म्हंजे कोन?"

"तुम्ही, आत्याबाई, आम्ही दोघं आन् तुमची नात."

पोरगा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं इथं एकटे राहान तं मी जात नाही. आन् मी नाही गेलो तं हिचंही जाणं होत नाही."

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पोरगा मोठा झाल्यापासून कोणी माझ्या हो-नाहीसाठी थांबलं नव्हतं. मी आठ दिवस काहीच बोललो नाही. सून चहा आणून ठेवायची आणि तोंडाकडे पाहायची. मी चहा प्यायचो आणि छपराकडे पाहायचो.

शेवटी बायको कावली. "हो म्हना नाही तं नाही म्हना, पन तोंड उघडा! सातच दिवस राह्यले. मंग ते दुसरीले देतीन नोकरी."

मी म्हणालो, "पोरगी द्याची तं आपन घर पाहतो का नाही? इथं तं सारं घरच देऊन राह्यलो. पाहाले जाईन, मंग सांगीन."

आमच्यात मुलीसाठी घर पाहायला गेलं की पाणी प्यावं, चहा घ्यावा, गोठा पाहावा, विहिरीत डोकावावं, शेजाऱ्याला हळूच विचारावं. पण जेवायचं पसंत पडलं तरच. जेवला म्हणजे शब्द दिला. न जेवता उठला की समोरचा समजतो, पुन्हा विचारत नाही, भांडणही होत नाही. माझ्या दोन पोरींसाठी मी पाच घरांतून उपाशी उठलो आहे. त्यातल्या एका घरी भरल्या वांग्यांचा वास येत होता, तरी उठलो.

मनातून माझं 'नाही' ठरलेलंच होतं. जायचं, खोड्या काढायच्या, उपाशी उठायचं आणि घरी येऊन सांगायचं, जमत नाही. सोबत साळ्याला घेतलं, कारण असल्या कामात साक्षीदार लागतो. जेवायचा मोह नको म्हणून भाकर-ठेचा बांधून घेतला. इतका बंदोबस्त मी पोरींच्या वेळीही केला नव्हता.

पहाटेच्या गाडीनं निघालो. यवतमाळला गाडी बदलली. पांढरकवड्याच्या स्टँडवर मी पुढची गाडी विचारायला गेलो आणि परत येईपर्यंत साळ्यानं शिदोरी संपवली होती.

"भाऊजी, मले वाटलं तुमचा उपास आहे."

"तुले कोन सांगतलं?"

"तुमच्या तोंडावरून वाटला."

पुढं जंगल लागलं. मोहाची फुलं पडायला लागली होती, गाडीत वास येत होता. मी म्हणालो, इथं वाघ असन. साळा म्हणाला, "तो तुम्हाले हात लावत नाही भाऊजी. त्याले कवळं लागते."

दुपारी पोचलो. वसतिगृहाच्या शाळेचा मुख्याध्यापक भला माणूस, खुर्च्या मागवल्या, पाणी दिलं. मी पोरीच्या बापासारखा पाय रोवून बसलो आणि सुरुवात केली.

"मांगची बाई काहून सोडून गेली?"

"तिचं लग्न झालं काका. दोन वर्षं झाली, जागा रिकामीच आहे."

"व्यसन?"

"कोणाला?"

"तुम्हाले."

तो जरा गडबडला, मग खरं बोलला. "तंबाखू." साळ्यानं लगेच हात पुढं केला.

क्वार्टर पाहिलं. दोन खोल्या, वर टिन, अंगणात नळ. मी म्हणालो, दार दक्षिणेला आहे. तो म्हणाला, काढून पूर्वेला बसवू. मी म्हणालो, टिन तापत असन. तो म्हणाला, वर तुरीच्या तुऱ्हाट्या टाकू. प्रत्येक गोष्टीला हो म्हणणाऱ्या व्याह्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. याच्यावरही बसेना, पण खोडी काही सापडेना.

तेवढ्यात घंटा झाली. चाळीसेक पोरी ताटं घेऊन ओसरीत ओळीनं बसल्या. वाढून झालं तरी एकही पोरगी ताटाला हात लावेना. सगळ्या मुख्याध्यापकाकडे पाहत होत्या.

तो मला म्हणाला, "काका, एक काम होतं. इथं नियम आहे. आधी मोठ्या माणसानं चव पाहायची, वहीत सही करायची, मग मुली जेवतात. हे काम अधीक्षिकेचं. ती नाही म्हणून मी करतो, पण आज माझा गुरुवार आहे. स्वयंपाकीणबाईंची सही चालत नाही."

मी साळ्याकडे पाहिलं. त्यानं तंबाखूनं भरलेल्या तोंडाकडे बोट केलं.

चव पाहणं म्हणजे काही जेवणं नव्हे, असा मी विचार केला. वरणात बोट बुडवलं. "मीठ कमी आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

स्वयंपाकीणबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाजीसंग खाऊन पाहा ना जी! नुसतं कोन खाते वरन?"

भाजीसंग खाल्लं. तर पहिल्या ओळीतली एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, पोळी बी पाहा लागते." पोळी पाहिली. दुसरी म्हणाली, भात राहिला. पोटात पहाटेच्या चहाशिवाय काही नव्हतं. कोणी ताट पुढं सरकवलं आणि मी मांडी कधी घातली, ते कळलं नाही. ताट साफ झालं तेव्हा वही आली. चौथी शिकलेला माणूस मी, सही करतो ती शिरोरेघेसकट करतो.

"आजोबा, लवकर! भात थंडा होऊन राह्यला!"

सही झाली आणि चाळीस पोरी एकदम तुटून पडल्या.

मी मुख्याध्यापकाला विचारलं, "माही सून हे रोज करन?"

"रोज, दोन्ही वेळा. त्या जेवल्याशिवाय इथं कोणाला जेवता येत नाही."

आमच्या घरी मी जेवतो, मग पोरगा, नात, मग बायको. सून शेवटी, भाताच्या गंजात जे उरलं ते. सात वर्षं झाली. तिला कोणी विचारलं नाही की मीठ बरोबर आहे का. आणि इथं तिला पगार मिळणार होता तो पहिल्या घासाचा. मी तांब्याभर पाणी प्यालो. पोळी कोरडी होती, दुसरं काही नाही.

फाटकाबाहेर आल्यावर साळ्यानं थुंकून तोंड मोकळं केलं. "भाऊजी, जेवले तुम्ही."

"चव पाह्यली."

"तीन पोळ्यायची? आन् वरून सही. आपल्या पोरीयच्या वेळेस बी इतकं पक्कं झालं नव्हतं."

गाडीत मी दीडशे किलोमीटर पळवाट शोधली. ताट माझ्या नावानं वाढलं नव्हतं. यजमान स्वतः उपाशी होता. पण नियम मीच सांगत फिरलेला माणूस. दुसऱ्यांना या नियमावर मी किती वेळा खाली पाहायला लावलं, ते साळ्याला पाठ आहे.

घरी पोचलो तर सगळे अंगणात. सुनेनं पाण्याचा गडवा दिला. साळा चूळ भरायला न्हाणीकडे गेला. मला वाटेल ते सांगता आलं असतं. दार दक्षिणेला आहे, वाघ आहे, काहीही. सून गडव्याकडे पाहत उभी होती.

मी म्हणालो, "मीठ कमी होतं."

"कायच्यात?" बायकोनं विचारलं.

"वरनात."

बायकोनं तोंडावर पदर घेतला. "अवो, म्हंजे जेवले तुम्ही?"

सुनेनं मान वर केली. "मामाजी..."

"रुजू हो," मी म्हणालो. "आन् थ्या स्वयंपाकीनबाईचं ऐकून घेऊ नको. लय बोलते थे."

ती आत पळाली. पोरगा तिथंच उभा. "मंग वावर?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, वावराचं मी पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याकडे गेलो. धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून अकरा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. त्या अकरा वर्षांत मी त्याच्या नांगराच्या तासांत रोज खोडी शोधली आणि एकही सापडली नाही. तो दारात दात घासत होता. मी म्हणालो, "पाडव्यापासून माहं वावर बटईनं करतं का, अर्धं तुहं अर्धं माहं?"

त्याच्या हातातली काडी तशीच राहिली. "तुम्ही माह्याशी बोलून राह्यले?"

"तुह्याशी नाही," मी म्हणालो. "वावराचं बोलून राह्यलो."