दारातलं खोटं

समोर माणूस आला की नाना आधी त्याची उंची मोजत, मग नाव विचारत. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले नाना जळगावात आमच्या समाजाची वधू-वर सूची सांभाळत. कार्यालयाच्या दाराशी त्यांनी इंच आखलेली लाकडी पट्टी उभी केली होती. पट्टी सांगेल तीच उंची सूचीत जाई. कोणी कुरकुरलं की म्हणत, "आत्तेच मोजी ल्या, भाऊ. मंग भांडन नको."

मी तिथे संध्याकाळी संगणकावर नावं चढवायचो. माझंही नाव सूचीत होतं. वय एकोणतीस, उंची पाच फूट दोन. दोन इंच वाढवून लिहा म्हणून मी नानांच्या किती विनवण्या केल्या. ते मला पुन्हा पट्टीला उभं करत आणि पुन्हा पाच-दोनच लिहीत. तीन सूच्या निघाल्या, पण मला एकाही घरून बोलावणं आलं नाही.

चौथ्या वर्षी मेळावा आठ दिवसांवर आला आणि डिस्क भरली. नवी मोठी डिस्क आणली, पण संगणक जुना. सुरू केला की दोन ओळी दाखवून गप्प. शेवटी धुळ्याहून मेकॅनिक बोलावला.

"याला एवढी मोठी डिस्क झेपत नाही," तो म्हणाला. "हिच्या मागची क्लिप हलवतो, म्हणजे ही स्वतःला लहान सांगेल. एकदा संगणक चालू झाला की माझा प्रोग्राम सगळी जागा उघडून देईल."

नानांचा चेहरा पडला. "म्हंजे आपन याले खोटं सांगानं?"

"नाहीतर नवा संगणक घ्या."

नाना बाहेर जाऊन चहा पिऊन आले. "हलाव," म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. संगणक सुरू झाला. सगळी नावं, सगळे फोटो मावले.

"दारमा थोडं खोटं सांगनं पडस," नाना पडद्याकडे बघत पुटपुटले. "मझार गयं का बठ्ठं खरं." म्हणजे, एकदा आत गेलं की सगळं खरं.

दोन दिवसांनी त्यांनी मला आपणहून पट्टीला उभं केलं. पाच फूट चार! नानांचा चष्मा बदलायला झाला असं मनाशी म्हणत मी तोंड मिटून घेतलं. त्या वर्षी मला एरंडोलहून बोलावणं आलं. मुलगी माझ्यापेक्षा अर्धा इंच उंच निघाली, पण हे कळेपर्यंत पोहे संपले होते आणि गप्पा रंगल्या होत्या.

नाना गेले तेव्हा त्यांची आठवण म्हणून मी ती पट्टी मागून घेतली. उचलली तर तिचे खालचे दोन इंच करवतीने कापलेले. आकडे थेट तीनपासून सुरू होत होते. मला हसू आलं आणि रडूही. नानांनी माझ्या एकट्यासाठी खोटं लिहिलं नव्हतं, अख्ख्या समाजालाच दोन इंच वाढवून ठेवलं होतं.