लेकाच्या हातचं लोखंड

कुडव्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या म्हातारीचा एकुलता लेक भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागला आणि लोखंड दिसलं की तिला राहवेना. कुणाचा नवा विळा असो की माझी सायकल, बोटानं वाजवून ती विचारायची, "माह्या पोराच्या हातचं व्हय का?" नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

लेक न्यायला आला, की बांधीतल्या धानाच्या राखणीचं कारण सांगून ती त्याला एकट्यालाच परत धाडायची.

गावाजवळ रेल्वेचे नवे रूळ टाकले, त्या दिवशी ती उन्हानं तापलेल्या रुळावर तळहात ठेवून बसली होती. मी म्हटलं, "आजी, इतकी आठवण येते तर जा ना त्याच्याकडे!"

तिनं हात उचलला नाही, मान मात्र ताठ केली.

"मी कायले जाऊ? तोच तं येऊन राह्यला घरापावतर!"