तिखटाची गौर

सुलभा नागवेकरच्या सासरी, श्रीवर्धनला, पूजेच्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण आणि तांदळाची भाकरी. शेजारी बसलेल्या गणपतीला ते चालत नाही, म्हणून तेवढ्यापुरता त्याच्यापुढे पडदा धरायचा. माहेरवाशीण घरी येते, तिच्या आवडीचं वाढायचं, इतकं साधं.

पण नवऱ्याची, अनिलरावांची, रेल्वेतली नोकरी, दर चार वर्षांनी नवं गाव. नागपुरात पहिल्याच वर्षी शेजारणीने नाक मुरडलं, "अगं बाई, देवीला चिंबोऱ्या?" ते सुलभाच्या मनाला इतकं लागलं की तेव्हापासून गौरीपुढे पुरणपोळी. कोलकात्याला गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आल्यावर तर तिने आपण होऊनच सांगून टाकलं, आमची गौर पुरणाची. तिथल्या मराठी मंडळातल्या, डमडमच्या शाकाहारी वृंदाताई हळदीकुंकवाला यायच्या, पोळीचं तोंड भरून कौतुक करायच्या, आणि ते ऐकून सुलभाची मान खाली जायची. ज्या शहरात लग्नात मुलीकडे मासा नटवून पाठवतात, तिथे ही बाई चिंबोरी लपवत होती.

गेल्या वर्षी गौरी आल्या त्या संध्याकाळी ती पुरणाची डाळ निवडत बसली होती. दहावीतली लेक नूपुर म्हणाली, "आई, आजीकडे चिंबोरी, आपल्याकडे पोळी. बाबांच्या बदलीबरोबर गौरीची पण बदली होते काय?"

सुलभा हसली खरी, पण डाळ तशीच डब्यात गेली.

सकाळी ती बाजारात उभी राहिली. चिंबोऱ्या पूजेसाठी हव्यात, असं मासेवाल्याला मुद्दाम मोठ्याने सांगितलं. त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्याने टोपलीतल्या भरलेल्या तेवढ्या निवडून दिल्या. दुपारी पडदा नूपुरने धरला. कितीतरी वर्षांनी घरात भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा तो वास दरवळला आणि नैवेद्य दाखवताना सुलभाचे डोळे भरून आले.

संध्याकाळी बायका आल्या. वृंदाताई उंबऱ्यातच थबकल्या. वास लपणारा नव्हता, आणि सुलभाने खिडक्याही उघडल्या नव्हत्या.

"वृंदाताई, आमची गौर तिखटाची," ती म्हणाली. "आजवर मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमच्या करंज्या वेगळ्या कढईत तळल्यात."

वृंदाताई सावकाश आत आल्या, गौरीला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, मग सुलभाकडे वळल्या.

"मी काही खायची नाही हो. पण मला बरं वाटावं म्हणून इतकी वर्षं या गौरीच्या तोंडचं काढून घेतलंस?"

सुलभाने त्यांना वाकून नमस्कार केला. उठली तेव्हा मान ताठ होती.

यंदाचं आमंत्रण तिने मंडळाच्या ग्रुपवर स्वतः टाकलं: "आमची गौर तिखटाची आहे. सर्वांनी यावे. वृंदाताईंसाठी पुरणपोळी केली आहे."