मशीन थांबवणारा मास्टर

लातूरला बसस्टँडमागे माझा एक वऱ्हाडी टेलर मास्टर आहे. त्याची चार वर्षांची मुलगी बोलायला लागली, की तो मशीनवरचा पाय काढतो आणि तिच्याकडेच बघतो. जूनमध्ये कोचिंग क्लासच्या गणवेशांचा ढीग पडलेला, मी मुलाला घेऊन ताटकळलेली, आणि ती सांगत होती बकरीनं चप्पल खाल्ल्याचं.

“कोणती चप्पल, बेटा?”

“मास्टर, उद्या याचा क्लास सुरू होतोय!”

“हाव ताई. पण ती बोलून राहिली ना.”

मी चिडून बसले. बकरीनं दुसरी चप्पलही खाल्ली.

गणवेश घेऊन परतताना स्कूटीवर मागून मुलगा काहीतरी म्हणाला. एरवी मी नुसतं ‘हं’ म्हणते. त्या दिवशी गाडी कडेला घेतली, मागे वळून प्रेमानं विचारलं, “काय रे?”

“आई, इंडिकेटर चालूच राहिलाय.”