मामी आणि मागच्या रांगेतली पोर

कृष्णाकाठी आजवर गाण्याचे जेवढे शौकीन होऊन गेले असतील त्या सगळ्यांना एका पारड्यात घातलं आणि दुसऱ्यात माझ्या एकट्या मामीला बसवलं, तरी मामीचंच पारडं खाली जाईल. आणि हे मी तिच्या वजनाकडे बघून म्हणत नाही. ती स्वतः कधी गायली नाही. तिला सूर कळायचा की नाही, हेही मला ठाऊक नाही. पण नव्वदच्या दशकात सांगलीत चार मुलींचा 'मोगरा लेडीज ऑर्केस्ट्रा' होता, आणि त्याच्यावर मामीनं जितका जीव टाकला तितका मामावरसुद्धा टाकला नसावा. हे मामाच सांगायचा, आणि तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. तासगाव असो, विटा असो, इस्लामपूर असो, 'मोगरा'चा कार्यक्रम आहे असं कळलं की मामी कराडजवळच्या मलकापुरातून एसटीनं निघायची. बरोबर भाकरीचा डबा, मैदानातल्या गारठ्यासाठी शाल आणि या दोन्ही वस्तू धरायला मामा. बसायची ती पहिल्या रांगेत. एकदा तासगावात मागच्या एकानं शिट्टी मारली, तेव्हा ही उठून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "घरात भैन न्हाई व्हय रं तुला? शिट्टी कसली मारतूस? टाळी वाजीव!" तो बिचारा कार्यक्रम संपेपर्यंत टाळ्याच वाजवत होता, निवेदन चालू असतानासुद्धा.

मामीचं माहेर वडूजकडचं. घरची मेंढरं. तिचं सगळं बालपण माळावर गेलेलं, त्यामुळे आवाज पारखायची तिची रीत अगदी वेगळी होती. गाणं गोड आहे, तालात आहे, या गोष्टी तिच्या लेखी किरकोळ होत्या. लांब गेलेला कळप या आवाजाला माघारी वळेल का, एवढंच ती बघायची. रेडिओवरच्या भल्याभल्या गायिकांना तिनं या परीक्षेत नापास केलं होतं. 'मोगरा'तली पुढे उभी राहणारी मुलगी देखणी होती, नाजूक गायची, लोक तिच्यासाठी गर्दी करायचे. मामीचा शेरा ठरलेला. "गोड हाय गं, पन हिच्या हाकंला कोकरूबी मान वर करायचं न्हाई." आणि मग ती मागच्या रांगेत, ढोलकीच्या आडोशाला, अर्धवट उजेडात उभ्या असलेल्या सावळ्या मुलीकडे बोट दाखवायची. त्या मुलीला काम एकच, पुढचीच्या गाण्यात मागून 'आ' आणि 'हो' करायचं. पण त्या एका 'आ'नं मंडपाच्या कनाती हलतात असं मामीचं म्हणणं होतं. तिचं नाव निवेदक कधी पुकारायचाच नाही, म्हणून मामी तिला 'आपली' म्हणायची. 'मोगरा'ची कॅसेट निघाली तेव्हा वेष्टनावर तिघींचे हसरे चेहरे होते आणि आपलीचा फक्त एक कान आला होता. मामीनं तो कान महिनाभर आल्यागेल्याला दाखवला.

या सगळ्या अन्यायाचं खापर मामी फोडायची ते मॅनेजरच्या डोक्यावर. हा काटकुळा, सफारीतला, सदा गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला गृहस्थ. सांगलीच्या विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्याची खोली होती, आणि मी जवळच कॉलेजात शिकत असल्यामुळे त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम आपोआपच माझ्याकडे आलं होतं. मुलींना पिवळ्या साड्या का दिल्या, गाण्यांच्या मधे कोंबड्याचा आवाज काढणारा नकलाकार का घुसवला, मध्यंतरात पोरींना चहा मिळतो का, या सगळ्याचा जाब मामी हायवेच्या एसटीडी बूथवरून मागायची. नाव सांगायची पद्धत नव्हती. एकदम "आवं मॅनेजर, काल काय चालवलं हुतं?" अशीच सुरुवात. तोही बिचारा "होय ताई, बघतो ताई," म्हणत राहायचा. आपलीला पुढं कधी आणणार, असं विचारलं की मात्र गप्प व्हायचा, आणि मग "ते जमणार नाही ताई," म्हणून फोन ठेवायचा. मामीच्या मते त्याला पैसेवाल्या बापाची पोर पुढे हवी होती, किंवा काळ्या रंगाची लाज वाटत होती, किंवा त्याला कानच नव्हते. वारानुसार कारण बदलायचं. मीही तिला जोरात दुजोरा द्यायची, कारण मलाही तो माणूस आतल्या गाठीचा वाटत होता.

शेवटी एका गणपतीत 'मोगरा'चा कार्यक्रम खुद्द मलकापुरात ठरला आणि मामीनं कंबर कसली. आठवडाभर ती घरोघरी फिरली. ठरलं ते असं, की आपलीला पुढं आणेपर्यंत एकाही बाईनं टाळी वाजवायची नाही. हात पदराखाली. आणि खरंच, त्या संध्याकाळी मैदानातल्या निम्म्या खुर्च्या बायकांनी भरल्या होत्या आणि गाणं संपलं की सुतकात बसल्यासारखी शांतता. बायका गप्प म्हणून त्यांचे नवरेही गप्प. दुसऱ्या गाण्याला पुढची मुलगी बावरली. तिसऱ्याला तिचा आवाज चिरकला, ओळ विसरली, माईक हातात धरून ती नुसती उभीच राहिली. वाद्यं वाजत होती. तेव्हा ढोलकीच्या आडून आपली पुढे आली, पुढचीच्या खांद्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं माईक घेतला आणि ती राहिलेली ओळ तिनं उचलली.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण अंगावर काटा आला होता. मामी तर खुर्चीवर चढून उभी राहिली. पदराखालचे सगळे हात एकदम बाहेर आले. लोकांनी आपलीकडून आणखी तीन गाणी म्हणवून घेतली, नाव विचारलं, निवेदकानंही उत्साहात गावासकट सांगून टाकलं. मामी रडत होती. मॅनेजर तेवढा रंगमंचाच्या कडेला मटकन बसला होता आणि मामीनं मला कोपरानं ढोसून म्हटलं, "बघ, कसा तोंडावर पडला!" पुढचे आठ-पंधरा दिवस कराडच्या बाजारात त्या गाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि जो भेटेल त्याला मामी मुलीच्या गावाचं नावही आवर्जून सांगत होती.

दिवाळीनंतर सांगलीत कार्यक्रम झाला, तेव्हा ढोलकीमागे दुसरीच मुलगी उभी होती. मामी दुसऱ्या दिवशी थेट विश्रामबागेत आली, मला कॉलेजातून ओढून काढलं आणि आम्ही झेरॉक्सच्या दुकानाचा जिना चढलो. "का काढली तिला? तुमच्यापरीस मोटी झाली म्हनून?" मॅनेजरनं आधी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. मग रुमालानं तोंड पुसून तो म्हणाला, "मी नाही काढली, ताई. तिच्या थोरल्या भावानं नेली. पोरीनं पुढं उभं राहायचं नाही, नाव पुकारायचं नाही, फोटो छापायचा नाही, या अटीवर त्यानं सोडली होती तिला. किती पाया पडलो होतो मी त्याच्या. मागं उभी होती म्हणून तर गात होती. मलकापूरचं कौतुक फिरत फिरत त्याच्या घरापर्यंत पोचलं. लग्न ठरवलंय आता."

मामी तेव्हा कुठं खुर्चीवर टेकली. मग बारीक आवाजात तिनं विचारलं, "मला फोनवर का न्हाई सांगितलंसा?"

"तुम्ही कुणाला सांगितल्याशिवाय राहिला असता का, ताई?"

 मामी त्या भावाच्या गावीही जाऊन आली. हात जोडले, भांडली, त्याच्या आईपुढे रडली. त्यांनी चहा दिला आणि लग्नाचं आमंत्रण दिलं. "पोरीचं वाटुळं केलं मी. माज्याच त्वांडानं केलं," असं ती परतल्यावर मामाला म्हणाली आणि मामा तिच्याजवळ बसून राहिला.

मला वाटलं होतं मामी आता 'मोगरा'चं नावही काढणार नाही. पण तिनं जाणं सोडलं नाही. फक्त पहिली रांग सोडली. रंगमंचाच्या कडेला, जिथं मॅनेजर बसायचा, तिथं शेजारी खुर्ची टाकून ती बसायला लागली आणि पुढच्या मुलीच्या प्रत्येक गाण्याला हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवायची. मॅनेजरबद्दल कुणी वाकडं बोललं तर त्याची खैर नसायची. एकदा मिरजेच्या कार्यक्रमात मी त्यांच्या मागेच होते. मामीनं विचारलं, "बरी हाय का वो ती?" मॅनेजर म्हणाला, "जतकडं दिली आहे. नवरा चांगला आहे म्हणतात. माझी भेट झाली होती एका लग्नात."

"गाती का?"

"ते विचारायचा धीर झाला नाही, ताई."

मामीनं नुसती मान हलवली आणि डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे केली. पुढं गाणं सुरू झालं. नवीन मुलगी मागून 'आ' करायला लागली, आवाज चांगला होता तिचा, खोटं कशाला बोलू. पण दोघंही भाकरी हातात तशीच धरून, खाली बघत, तो 'आ' संपायची वाट पाहत राहिले.