हादोंगवालीचं कपाटातलं लायसन्स

दक्षिण कोरियातल्या आमच्या गावात सुनेला नावानं हाक मारायची पद्धत नाही. ती ज्या गावाहून आली, त्या गावाची ती होते. बोंगनिम वहिनी नदीपलीकडच्या हादोंगहून आली, म्हणून लग्न झाल्यापासून ती हादोंगवाली. मी याच गावची लेक आणि याच गावात दिलेली, त्यामुळे मला सांगायला माहेरच नाही. आमची भाताची गिरणी आहे, म्हणून मी गिरणीवाली. खरं नाव सांगायची वेळ आमच्यावर फक्त पोस्टात येते.

हादोंगवालीचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर ही बाई कुणाला नाही म्हणत नाही. लसूण सोलायला बोलवा, येईल. सर्वांना पुरेल एवढं कोबीचं लोणचं, किमची, घालायला बोलवा, सगळ्यांच्या आधी येईल. विचारलं की तोंडावर हात धरून हसते आणि कामाला लागते. मला तिचा या बाबतीत फार राग यायचा. अशा माणसाला जग गृहीत धरतं, आणि ते मी डोळ्यांनी बघत आले आहे.

तरुणपणी गावातल्या आम्ही चौघीजणी गाडीचं लायसन्स काढायला तालुक्याला गेलो होतो. तिघी नापास झालो. हादोंगवाली पहिल्या फटक्यात पास झाली. दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याची गाडी अंगणातून मागे घेतली आणि अंगणातल्याच पर्सिमनच्या फळझाडाला ठोकली. मागचा दिवा फुटला, बाकी काही नाही. नवरा दक्सू हा आरडाओरडा करणारा माणूस नव्हे. तो एवढंच म्हणाला, "तू बाजूला बस."

आणि ती बसली. पोरगा शाळेत गेला, कॉलेजात गेला, नोकरीला दूर उल्सान शहरात गेला, तोवर ती बाजूलाच बसून होती. लायसन्स कपाटात, लग्नातल्या कपड्यांखाली. कपाटातलं लायसन्स म्हणतात आमच्याकडे असल्या लायसन्सला, आणि ते घरोघरी असतं. हिचं मात्र दर वेळी मुदत संपायच्या आत नवं व्हायचं. नवा फोटो काढून आणायची, तालुक्याला जाऊन यायची. फोटोत बाई म्हातारी होत गेली, पण स्टेअरिंगला काही हात लागला नाही. मी एकदा विचारलंही, कशाला हे? तर तोंडावर हात धरून हसली.

या वर्षी वसंतात दक्सू लसणीच्या शेतात कोसळला. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, वाचाही राहिली, पण उजवा हात आणि उजवा पाय गेल्यात जमा झाला. सुनचन शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की आठवड्यातून तीनदा व्यायामाला यायचं. पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं आपलं, पुढे फारसं काही हलत नाही.

उन्हाळ्यापर्यंत दोघं बसनं गेली. आमच्या बसची पायरी उंच. एके दिवशी त्या पायरीवरून दक्सू घसरला, शाळेच्या पोरांदेखत. पोरांनीच त्याला उचललं. घरी येऊन म्हणाला, "आता जायचं नाही." हादोंगवालीनं मान हलवली. उल्सानहून मुलाचे फोन सुरू झाले, थंडीच्या आत बाबांना वृद्धांच्या इस्पितळात ठेवू म्हणून. आमच्या गावातून तिकडे पाच-सहा माणसं गेली. परत आलेलं एकही मी पाहिलेलं नाही.

नोव्हेंबरअखेर गाडीच्या विम्याची मुदत संपत होती. दक्सू मला म्हणाला, "गिरणीवाली, तुला ते फोनवर विकायचं जमतं ना? टाक गाडी. उभी राहून गंजतेय. नवा विमा कुणासाठी भरू?" मी हादोंगवालीकडे पाहिलं. ती युजा लिंबं पुसत होती. काही बोलली नाही. म्हणून मी जाहिरात टाकली.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातली ल्येन आली. व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली, तिशीतली, लिंबांच्या शेडमध्ये काम करते. बोलायला आमच्यापेक्षा गावरान. तिला मुलीला तालुक्याच्या शाळेत सोडायला गाडी हवी होती. गाडीखाली वाकून बघितलं, टायर दाबले, बॉनेट उघडून नाक घालून वास घेतला. मग हात पुढे केला.

"मावशी, चावी द्या. एक चक्कर मारून येते."

ओट्यावरून दक्सू म्हणाला, "विमा?"

"सासऱ्यांचा ट्रक मीच चालवते काका. त्या विम्यात सून घरातली धरतात."

"तिकडे तू सून. इकडे कोण? माझ्या विम्यात मी आणि ही. नवरा-बायको, बस. तिसऱ्याचा हात लागला की विमा नाही."

"मग एका दिवसाचा काढते की. फोनवर निघतो."

ती फोन घेऊन बसली आणि इथंच घोडं अडलं. फोन तिच्याच नावाचा आहे का, हे विम्याला हवं होतं. फोन होता नवऱ्याच्या नावावर. नवरा होता मासेमारीच्या बोटीवर, जेजू बेटाच्याही पलीकडे, जिथे फोन लागत नाही.

"गाडी घ्यायला निघालीस आणि फोन नवऱ्याचा?" मी म्हटलं.

"मग तुम्ही काढा ना मावशी, तुमच्या फोनवरून. तुम्ही चालवा, मी बाजूला बसते."

"मला लायसन्स नाही."

"ट्रॅक्टर तर दणादण चालवता."

"ट्रॅक्टर लायसन्स विचारत नाही."

मग मीच म्हटलं, "दक्सू भाऊ, बंधाऱ्यापर्यंत जाऊन येईल पोरगी. कोण बघतंय?"

"छिल्बो पण हेच म्हणाला होता," दक्सू म्हणाला.

 आमच्या गावच्या छिल्बोनं गाडी विकताना अशीच एकाला चक्कर मारायला दिली होती. त्यानं रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला उडवलं, विम्यानं हात वर केले, आणि छिल्बोचं वरचं भाताचं शेत गेलं.

ल्येन म्हणाली, "पण मी न चालवता घेणार नाही हं, आधीच सांगते. दिसतं तसं नसतं."

दक्सूनं डाव्या हातानं विम्याच्या एजंट पोरीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, सोपं आहे. विमा तुमच्या दोघांचा आहे ना? मग काकूंना चालवू द्या, बघणारीला बाजूला बसवा. काकूंचं लायसन्स चालू आहे, माझ्याकडे दिसतंय."

"तिला येत नाही," दक्सू म्हणाला.

"अहो, मग इतकी वर्षं दोघांचा कशाला भरत आलात? एकट्याचा स्वस्त पडला असता."

दक्सूनं फोन गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "वाटलं, लागेल कधी."

हादोंगवाली लसूण सोलत होती. तिनं पाटी बाजूला सारली, हात धुतले, घरात गेली. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आली तेव्हा हातात लायसन्स होतं आणि पायात लग्नकार्याला घालायचे बूट. आम्हा दोघींना म्हणाली, "बसा."

मी मागे बसले. भीती वाटत होती, पण घरी बसून राहिले असते तर जास्त वाटली असती. ल्येन पुढे. सीट दक्सूच्या लांब पायांना धरून मागे सरकवलेली होती, ती पुढे ओढेपर्यंत हादोंगवालीला घाम फुटला.

"मावशी, पाय ब्रेकवर. आता गिअर. नाही नाही, तो वायपर. हां. आता ब्रेक सोडा."

"सोडला."

"हँडब्रेक पण सोडा, नाहीतर घरासकट निघेल."

गाडी हलली. ओट्यावरून दक्सू ओरडला, "झाड!" हादोंगवालीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झाड टिचभर अंतरावरून मागे गेलं आणि आम्ही रस्त्याला लागलो.

दोन्हीकडे लसणीची कोवळी पात. आमच्या पुढे एक कुत्रं चाललं होतं, ते आमच्यापेक्षा लवकर पोचलं असतं. मागून बस आली, हॉर्न मारून पुढे गेली. ड्रायव्हरनं जाता जाता खाली वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. तीच बस होती, उंच पायरीची.

बंधाऱ्याचा सरळ रस्ता आला. एका बाजूला समुद्र, एका बाजूला भाताची कापलेली शेतं, समोर कुणी नाही.

"मावशी, जरा दाबा," ल्येन म्हणाली. "या वेगात मला इंजिन कळायचं नाही. मी गाडी घ्यायला आलेय, पाळण्यात बसायला नाही."

हादोंगवालीनं दाबलं. गाडी उचलली गेल्यासारखी सुटली. मी मागचं हँडल धरून डोळे मिटले. उघडले तेव्हा आरशात हादोंगवाली हसताना दिसली. तोंडावर हात नव्हता, कारण दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. इतक्या वर्षांत तिचे दात मी पहिल्यांदाच नीट बघितले. मला रडू आलं, लपवत नाही.

बंधारा संपला तिथे तिनं गाडी बाजूला घेऊन थांबवली. 

"काय ठणठणीत गाडी आहे मावशी," ल्येन म्हणाली. "मी घेते."

"पोरी, इथून सुनचन किती लांब?"

"तुमच्या वेगानं? आत्ता निघालात तर उद्या जेवायला पोचाल."

"पण पोचेन ना?"

"पोचाल की. रस्ता तर सरळ आहे."

हादोंगवालीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. म्हणाली, "मग नाही विकत."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द निघाला, आणि निघाला तो बिचाऱ्या ल्येनवर. ल्येनचा पारा चढला, आणि का चढू नये? "मावशी, मी आज कामावर रजा टाकून आलेय. दोन बस बदलून आलेय. आधी नाही सांगता आलं?"

"आधी मला येत नव्हतं," हादोंगवाली म्हणाली.

 ल्येन खिडकीबाहेर बघत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण जाहिरात माझी होती. हादोंगवालीनं तिला सांगितलं की नवऱ्याला बस चढवत नाही, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या आणि मुलगा काय म्हणतो. सगळं एका दमात, मी कधी ऐकलं नव्हतं इतकं बोलली. शेवटी म्हणाली, "तुला गाडी मिळेपर्यंत तुझ्या मुलीला मी शाळेत सोडीन. सोमवारपासून. आणि त्याच्या आधी तुला फोनच्या दुकानात नेते. फोन तुझ्या नावावर करून घे. पुढची गाडी तरी तुला तुझ्या हातानं चालवून बघता आली पाहिजे."

ल्येननं तिच्याकडे पाहिलं. "या वेगानं दुकान बंद होईल मावशी."

"मग दाबते की."

परत येताना बसथांब्यावरच्या बाकावर एक माणूस काठी टेकून बसलेला दिसला. दक्सू होता. घरापासून थांब्यापर्यंतचा चढ तो उन्हाळ्यानंतर चढलाच नव्हता. कपाळावर घाम, एका पायातला बूट अर्धा निसटलेला. आम्ही कुठल्या खड्ड्यात पडलोय ते बघायला निघाला होता म्हणे.

हादोंगवालीनं गाडी त्याच्यासमोर थांबवली. कचकन थांबवली.

"ब्रेक असा मारतात?" दक्सू म्हणाला. मग, "विकली?"

"नाही."

"का?"

ल्येन न सांगता पुढची सीट सोडून माझ्याशेजारी मागे येऊन बसली. हादोंगवाली आत वाकली आणि बाजूचं दार उघडलं.

"अहो, बाजूला बसा," ती म्हणाली.

दक्सूला खाली बसायला, पाय आत घ्यायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. मागे शाळेची पोरं बघत नव्हती, पायरी उंच नव्हती. बसल्यावर त्यानं एकदा तिच्या हातांकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि म्हणाला, "डावीकडे जरा जास्त जातेस."

"सांगत जा," ती म्हणाली.

ल्येनचा फोन तिच्या नावावर झाला. दोन आठवड्यांनी तिला लाल रंगाची गाडी मिळाली. एका दिवसाचा विमा काढून तिनं ती स्वतः चालवून बघितली, आणि विकणाऱ्याला इतके प्रश्न विचारले की त्यानं शेवटी पाणी मागितलं. तिला तिथवर सोडायला हादोंगवालीच गेली होती.

आता आठवड्यातून तीनदा चांदीच्या रंगाची ती गाडी सकाळी गिरणीवरून जाते. बस तिला मागे टाकते, पण हल्ली हॉर्न मारत नाही, ड्रायव्हर हात करतो. उल्सानच्या मुलाला वृद्धांच्या इस्पितळातल्या जागेचं विचारायचं सुचलेलं नाही, किंवा सुचून तो गप्प बसला असेल. दक्सूच्या उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागली आहेत. सीटबेल्ट ओढून घेतो, आत अडकवणं अजून जमत नाही. ते ती अडकवते.

महिनाअखेर एजंट पोरीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, लिंबं चिरत. दक्सूनं आवाज मोठा केला.

"काका, विमा नवा करायचाय. आता चालवतात काकूच. तर त्यांचा एकट्यांचा करून टाकू? दोघांचा कशाला, उगाच जास्तीचे पैसे."

दक्सूनं तोंड उघडलं. काय म्हणणार होता देव जाणे, बहुतेक हो म्हणणार होता. हादोंगवाली सुरी खाली ठेवून फोनजवळ वाकली.

"नाही," ती म्हणाली. "दोघांचाच राहू दे. लागेल कधी."